भागूबाईचा तिसरा पाठ

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण आमच्या वर्गात ते कुणी वापरलं असेल तर शपथ. पहिल्याच आठवड्यात ती भित्री भागूबाई झाली आणि पुढे नुसती भागूबाई. नाव मीच ठेवलं. माझी जीभ मला आवरत नाही, हे सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय, तेव्हा तुम्ही त्यात भर घालू नका. नाव ठेवायला तसं कारणही होतं. ही बाई कुठल्याही खोलीत शिरली की आधी वर बघायची. बाकीचे बसायला जागा शोधायचे, ही मान वर करून सगळं छत न्याहाळायची आणि मग भिंतीच्या कडेची खुर्ची धरायची. मी एकदा विचारलं, "वर काही लिहिलंय का गं?" तर म्हणाली, "नाही हो ताई. बघितलेलं बरं."

मी तिच्याहून मोठी, म्हणून मी ताई. आम्ही सगळेच तिथे उशिरा शिकायला आलेले होतो. मुलांचे डबे भरून, घरच्यांची बोलणी ऐकून वर्गाला यायचो. शिकत होतो भाषा शिकवायला. आमच्या गावात कारखाने, त्यामुळे कामाला माणसं कुठून कुठून आलेली, आणि त्यांच्या पोरांच्या घरची भाषा प्रत्येकाची निराळी. शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांना एकमेकांच्या बोलण्यातलं एक अक्षरही कळत नसे. त्यांना आपली भाषा शिकवायला शाळांना शिक्षक हवे होते. शिक्षक म्हणून नेमणूक झाली की शाळेच्या आवारातलं घर मिळायचं. भागूबाईचा सगळा जीव त्या घरात अडकला होता.

तिचा नवरा लांबच्या फेऱ्या करणारा ट्रक ड्रायव्हर. महिन्यातले थोडे दिवस घरी. एरवी ती, तिची सासू आणि लहान लेक, तिघी भाड्याच्या एका खोलीत. त्या खोलीत एका दुपारी तिने झोपलेल्या पोरीला तोंड पुसायला म्हणून उचललं आणि मोरीपर्यंत गेली. मागे वळली तर खाट दिसेना. छताचा गिलावा, असा चार बोटं जाड, आतल्या गंजलेल्या सळयांसकट उशीवर आला होता. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. पण हिच्या मनातून ते गेलं नाही ते नाहीच. घरमालकाने वर सिमेंट थापून दिलं. ही मात्र त्यानंतर पोरीला खाटेखाली झोपवायची, खाटेवर नाही. सासू म्हणायची, वेड लागलंय हिला. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा गप्प बसले, पण नाव काही बदललं नाही. एकदा चिकटलेलं नाव निघतं का?

आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना आम्ही खडूबाई म्हणायचो, कारण हातात खडू नसला तर त्यांना शब्द सुचत नसत. हाडाच्या शिक्षिका. त्यांचं म्हणणं, भाषेबद्दल बडबडायचं नाही, भाषा करून दाखवायची. "उठा" शिकवायचं तर उठा. आधी तुम्ही एकट्या उठा, मग मुलांबरोबर उठा, मग मुलांना उठू दे आणि तुम्ही बसून बघा. प्रश्न आधी विचारा आणि मुलाचं नाव नंतर घ्या. नाव आधी घेतलंत की बाकीचा वर्ग खिडकीबाहेर गेलाच म्हणून समजा. विचारल्यावर थांबा. तुम्हालाच उत्तराची घाई झाली तर मुलं कशाला तोंड उघडतील? आणि एक गोष्ट त्या इतक्यांदा सांगायच्या की आमचे कान किटले होते. "जे सुरू केलं ते बंद करा. खेळ घेतला तर खेळ संपला असं सांगा. घराचं दार सताड उघडं टाकून बाजारात जाता का?" याला आम्ही समारोप म्हणायचो, आणि परीक्षेच्या पाठात समारोप नसेल तर पाठ अपुरा धरायचे.

परीक्षकाबद्दलही त्यांचा नियम होता. परीक्षक मागच्या बाकावर बसतो. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला हसून दाखवायचं नाही, तो शिंकला तरी लक्ष द्यायचं नाही. परीक्षक म्हणजे भिंत.

भागूबाईला हे सगळं पाठ होतं. पाठाचं टाचण तर असं सुरेख लिहायची की आम्ही सगळ्या त्यावरून आपापलं बेतायचो. पण वर्गासमोर उभी राहिली की तिची बोबडी वळायची. आवाज असा बारीक व्हायचा की पहिल्या बाकालाच ऐकू जावा. खडूबाई शेवटच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मला अजून काही ऐकू आलेलं नाही." एकदा मात्र त्या तिला बाजूला घेऊन जे बोलल्या ते मी ऐकलं. म्हणाल्या, "भीती वाटते तर वाटू दे. हात कापत असेल तर खडू घट्ट धर. पण वर्ग सोडायचा नाही. घंटा होईपर्यंत वर्ग तुझा."

आणि हीच तर गोम होती. भागूबाई दोनदा नापास झाली ती दोन्ही वेळा वर्ग सोडून. पहिल्या परीक्षेत अर्ध्या पाठात तिला जळका वास आला. तिने पाठ तिथेच टाकला आणि मुलांना ओढून पटांगणात नेलं. वास कसला, तर शिक्षकांच्या खोलीत दूध उतू गेलं होतं. दुसऱ्या वेळी खिडकीबाहेर वरून काहीतरी लोंबकळताना दिसलं. हिला वाटलं, गच्चीवरून कुणाचं तरी पोर लटकतंय. ही वर्ग तसाच टाकून जिना चढत सुटली. वर दोरीवर कुणाची तरी विजार वाळत होती. सगळ्या शाळेत हशा. मीही हसले, का खोटं बोला. आता तिसरी आणि शेवटची संधी. यातही पाठ अर्ध्यात राहिला तर पुन्हा बसू देणार नव्हते, मग शाळेतली नोकरी नाही आणि ते घरही नाही.

तिसऱ्या पाठाच्या दिवशी तिची अवस्था बघवत नव्हती. तोंडचं पाणी पळालेलं, ओठ सुकलेले. तिच्या पाठोपाठ त्याच खोलीत, त्याच मुलांसमोर माझा पाठ होता, म्हणून आम्ही दोघी बरोबरच आधी खोली बघायला गेलो. शाळेच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली. दार फळ्याजवळ, त्याच्या समोरच्या बाजूला खिडक्या. ती शिरली आणि अर्थातच आधी वर बघितलं.

"ताई, तो डाग बघितलात?"

खिडकीकडच्या बाकांच्या वर छताला पिवळट ओल आली होती. "बघितला," मी म्हटलं. "डाग माझ्या साडीवरही आहे. ती पडतेय का? जा, फळा पुसून घे."

"त्याला पोट आलंय."

"कुणाला?"

"गिलाव्याला. मध्ये फुगलाय बघा."

मी बघितलं. मला काही फुगलेलं दिसेना. किंवा दिसलं असेल, पण माझं लक्ष माझ्या चित्रांकडे होतं. बाजाराची मोठमोठी चित्रं मी रंगवून आणली होती, ती कुठे ठेवायची हे बघत होते. शेवटी खिडकीकडच्या एका बाकावर ठेवली. तिला म्हटलं, "हे बघ, आज तुला काहीही दिसलं, काहीही ऐकू आलं, कसलाही वास आला, तरी तू पाठ पुरा करायचास. भूत दिसलं तरी त्याला मागच्या बाकावर बसवायचं." ती हसली नाही. मान हलवली. तिचा हात धरला तर बर्फासारखा गार.

घंटा झाली. मुलं आली, बसली. परीक्षक आले. सडपातळ, शांत माणूस, पेनाचं टोपण दातात धरायची सवय. ते मागच्या बाकावर दाराच्या बाजूला बसले. आमच्या शिकाऊ वर्गातली एक विद्यार्थिनी निरीक्षक म्हणून शेजारी बसायची पद्धत होती, ती मी. निरीक्षकाने तोंड उघडायचं नाही हाही नियम, आणि माझ्यासारखीला तो नियम म्हणजे शिक्षाच. खडूबाईंना आत बसायची परवानगी नव्हती. त्या खाली पायऱ्यांवर थांबल्या होत्या.

पाठ सुरू झाला आणि मला आश्चर्य वाटलं, कारण तो चांगला चालला. भागूबाईने "उठा, बसा, वळा, चाला, थांबा, हात डोक्यावर" एवढेच शब्द घेतले होते. आधी स्वतः करून दाखवलं, मग मुलांबरोबर केलं. आवाज बारीकच होता, पण मुलं पुढे झुकून ऐकत होती. मग तिने खेळ काढला. "बाई म्हणतात, उठा" असं म्हटलं तरच उठायचं. नुसतं "उठा" म्हटलं तर हलायचं नाही, जो हलेल तो फसला. मुलांना हा खेळ असा काही आवडला की एकेकाचे कान टवकारलेले. पुढचे दोन दात पडलेली एक पोरगी होती, ती तर कुणी फसलं की टाळ्या पिटायची. परीक्षकांनी टोपण दातातून काढलं आणि काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, भागूबाई, तरलीस.

तेवढ्यात तिची नजर वर गेली.

मी तिच्या नजरेमागे बघितलं. छताच्या त्या डागातून पांढरी भुकटी पडत होती. चिमूटभर, अगदी मिठासारखी. एका मुलाच्या केसांवर पडली, त्याने डोकं खाजवलं. बस, एवढंच. पण भागूबाईचा चेहरा पांढराफटक झाला. मी घाबरले, ते छतामुळे नाही, तर आता ही पळणार म्हणून. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. नको गं बाई, आज नको.

नंतर तिने मला सांगितलं की त्या वेळी तिला काय वाटत होतं. ती म्हणाली, ताई, मला कळेचना की हे खरं आहे की माझाच भास. भुकटी दिसत होती, पण दुधाचा वासही मला खरा वाटला होता. विजारीला तर पाय दिसले होते मला. दोनदा मी स्वतःवर विश्वास ठेवून तोंडघशी पडले, आता तिसऱ्यांदा कसा ठेवू? आणि नाही ठेवला तर?

तिने घसा खाकरला. म्हणाली, "मुलांनो, बाहेर चला."

मुलं हसायला लागली. एकही जागचं हललं नाही. बाहेर हा शब्द तिने शिकवला नव्हता, पण चला म्हणजे चालाच, एवढं त्यांना कळलं होतं, आणि त्यात फसायचं नाही हे तर चांगलंच कळलं होतं. "चला, चला ना," ती म्हणाली, तिचा आवाज फाटला, आणि मुलं बाकाला अजून घट्ट धरून खिदळत बसली. दात पडलेल्या पोरीने बोट हलवून सांगितलं, "बाई नाही म्हणाल्या."

पुन्हा भुकटी पडली. या वेळी बरोबर एक खडाही होता, तो बाकावर टक्कन वाजला. मुलांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही, सगळ्यांचे डोळे भागूबाईच्या तोंडावर, आता काय म्हणते म्हणून. ती किंचाळली असती तरी त्यांना तो खेळच वाटला असता. मी तिला फळ्याला टेकताना बघितलं. मग तिने टेबलावरचा खडू उचलला आणि मुठीत असा आवळला की तो मोडला.

"बाई म्हणतात, उठा."

सगळे उठले.

"बाई म्हणतात, वळा." तिने दाराकडे हात केला. सगळे वळले. "बाई म्हणतात, चाला."

खिडकीकडची मुलं आधी घेतली तिने. ती स्वतः दारात उभी राहिली आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत गेली. घाई नाही, ढकलाढकली नाही, मुलं एकामागून एक रांगेत, तोंड दाबून हसत. खरं सांगते, मला त्या वेळी तिचं कौतुक वाटत होतं. मला वाटलं, हिने पाठ वर्गाबाहेर नेला, काय डोकं चालवलं. परीक्षकांनाही तसंच वाटलं असावं, ते मान डोलवत लिहीत होते. शेवटचं मूल बाहेर गेलं. बाहेरून ऐकू आलं, "बाई म्हणतात, थांबा." आणि मग खोलीत आम्ही दोघंच उरलो, परीक्षक आणि मी.

ती आम्हाला विसरली होती. परीक्षक म्हणजे भिंत, हे तिने इतकं घोकलं होतं की मुलं बाहेर काढताना भिंत आत राहिली हे तिच्या लक्षातच आलं नाही, आणि भिंतीला टेकून मी. तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती दारात परत आली.

"सर, बाहेर या. ताई, तुम्हीपण. छत पडणार आहे."

परीक्षकांनी वर बघितलं. आम्ही दोघं उठून दाराशी आलो, म्हणजे मी तिच्या हाताला धरून गप्प करायला आले आणि ते बोलायला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दारातून छत नीट बघितलं, त्या डागाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ओल आहे. जुन्या इमारतीत भुकटी पडतेच. मी अशी छतं जन्मभर बघतोय." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुमचा हा तिसरा पाठ ना? आधीचे दोन काय झाले ते मला माहीत आहे."

तिने मागे वळून मुलांची रांग मोजली.

"पाठ फार छान झालाय," ते म्हणाले. "अगदी मनापासून सांगतो. आता मुलांना आत घ्या, जागेवर बसवा, खेळ संपला म्हणून सांगा आणि घंटेची वाट बघा. तुम्ही पास आहात. पण पाठ अर्ध्यात बाहेर राहिला तर माझे हात बांधलेले आहेत."

मी तिच्या कानाशी लागले. "ऐक त्यांचं. घर हातात आलंय तुझ्या. लेकीचा विचार कर."

"तिचाच करतेय हो ताई," ती म्हणाली.

परीक्षक मुलांकडे वळले. मुलं बाहेरच्या लांब ओसरीत कठड्याशी रांगेत उभी होती. "चला मुलांनो, आत चला. बसा जागेवर," ते म्हणाले. मुलं त्यांच्याकडे बघून हसली आणि उभीच राहिली. त्यांनी पुन्हा सांगितलं, हाताने दाखवलं. कुणी हलेना. एवढा मोठा माणूस आपल्याला फसवू बघतोय याची त्यांना गंमत वाटत होती. मलाही राहवेना, पुढचा पाठ माझा होता. मी म्हटलं, "अरे चला ना, आत चित्रं आहेत." तीही मात्रा चालली नाही.

"खेळ संपवा," परीक्षक भागूबाईला म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "तुम्ही सुरू केलाय, तुम्हीच संपवा. नुसतं म्हणा, खेळ संपला. एवढं त्यांना रोजचं कळतं."

तिने तोंड उघडलं. मला वाटलं, म्हणते आता. दोनच शब्द होते. ती मुलांकडे बघत होती, आणि मुलं तिच्याकडे. मग तिने मान वळवून दारातून आत वर बघितलं. आत काहीच होत नव्हतं. भुकटीही थांबली होती. छत शांत. मी तेव्हा देवाची आण घेऊन सांगितलं असतं की यात काही अर्थ नाही, आणि भागूबाईसुद्धा मला नंतर म्हणाली की त्या क्षणी तिला नव्वद टक्के वाटलं, ही विजारच आहे.

"बाई म्हणतात," ती म्हणाली आणि थांबली. "बाई म्हणतात, हात डोक्यावर."

सगळ्यांचे हात डोक्यावर गेले.

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. "ठीक आहे," ते म्हणाले. रागाने नाही, दमून म्हणाले. आणि ते मागच्या बाकावर राहिलेली पिशवी आणायला दाराकडे वळले. झालं, मी मनात म्हटलं, आटोपला कारभार. बाईने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"बाई म्हणतात, थांबा."

हा आवाज भागूबाईचा होता यावर माझा विश्वास बसेना. बारीक नव्हता. ओसरीच्या टोकापर्यंत गेला असेल, खडूबाईंनी पायऱ्यांवर ऐकला. परीक्षक उंबऱ्यापाशी आले होते, एक पाय उचललेला. ते थांबले. का थांबले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलांसारखे थांबले.

आणि छत आलं.

आधी आवाज नव्हताच, नुसता वारा आला तोंडावर. मग असा दणका, की पायाखालची फरशी हलली. दारातून पांढरा लोट बाहेर आला आणि कुणाला कुणी दिसेना. डोळ्यांत, नाकात, तोंडात चुना. खोलीत आत काहीतरी मागाहून पडत होतं, एक, पुन्हा एक. मग तेही थांबलं. धूळ खाली बसू लागली तेव्हा मी आत बघितलं. खिडकीकडचे बाक दिसत नव्हते. माझी चित्रं दिसत नव्हती. जिथे तो डोकं खाजवणारा मुलगा बसला होता तिथे सळयांचा पुंजका खाली लोंबत होता. मी, जिची जीभ कधी थांबत नाही, त्या माझ्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

मग मी मुलांकडे बघितलं. एकही मूल हललं नव्हतं. एकही रडत नव्हतं. पिठात लोळल्यासारखी पांढरी झालेली ती पोरं रांगेत तशीच उभी होती, हात डोक्यावर ठेवून, डोळे विस्फारून भागूबाईकडे बघत. दात पडलेली पोरगी थरथरत होती, पण तिने हात खाली घेतले नव्हते. कारण बाई म्हणाल्या नव्हत्या.

खडूबाई धापा टाकत जिना चढून वर आल्या. त्यांनी दारातून आत बघितलं, मुलांकडे बघितलं, भिंतीला हात लावून श्वास घेतला. मला वाटलं त्या ओरडतील, कुणाला तरी हाका मारतील. त्या भागूबाईजवळ गेल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "समारोप कर."

भागूबाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा ओठ हलले. मुलं बघत होती. जन्मभर जिचं कुणी ऐकलं नाही तिच्या तोंडाकडे इतके कान लागलेले, आणि तिला शब्द फुटेना. खडूबाईंनी तिची मूठ उघडून तिच्यातला खडूचा चुरा झटकला आणि तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

"बाई म्हणतात," ती म्हणाली, "खेळ संपला."

दात पडलेल्या पोरीने हात खाली घेतले आणि भोकाड पसरलं. तिच्यामागे सगळ्यांनी. सगळीच्या सगळी पोरं रडत भागूबाईवर धावली, कुणी कमरेला मिठी मारली, कुणी पदर धरला, आणि तिचे पाय गेले, ती खालीच बसली त्यांच्यात. प्रत्येकाच्या डोक्याला पुन्हा हात लावत होती, सगळे आहेत ना, सगळे आहेत ना, असं पुटपुटत. परीक्षक कठड्याला धरून उभे होते. केस, भुवया सगळं पांढरं. खाली कुठेतरी घंटा झाली, नेहमीसारखी, वेळेवर. ते म्हणाले, "पाठ पूर्ण झाला." आवाज इतका बारीक होता की मला तो जेमतेम ऐकू आला. खडूबाईंना आला असावा, त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी तिथेच उभी होते. मला कळत होतं की आपण पुढे व्हायला हवं, मुलांना पाणी द्यायला हवं, काहीतरी करायला हवं. पण हलता येत नव्हतं. खडूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, तू तरी हात खाली घे आता."

तेव्हा मला समजलं. माझे दोन्ही हात डोक्यावर होते. केव्हा गेले, कळलंच नव्हतं मला. सगळ्या मुलांबरोबर गेले असणार. मी ते खाली घ्यायला गेले तर येईनात, बोटं केसांत रुतलेली. शेवटी भागूबाईच उठली. अंगाला पोरं लोंबकळत असताना ती माझ्यापर्यंत आली आणि तिने माझे हात एकेक करून सोडवून खाली घेतले. तिचे हात गार होते आणि माझ्याहून जास्त कापत होते.